आधी व्हर्जन सांगा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात कुठलंही काम आधी चालू होतं आणि मग त्याची चौकशी होते. भाजीवाली मेथीची जुडी आधी पिशवीत टाकते, भाव मागून सांगते. रस्ता आधी खोदला जातो, खाली कुणाची पाइपलाइन आहे ते फवारा उडाल्यावर कळतं. जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे पालकांची झुंबड उडते, तेव्हा निम्मे जण संच विकत घेऊन, पैसे मोजून, पायरी उतरल्यावर पोराला विचारतात, "सेमी आहे का रे तुझं?" 'चालू तर करा, बघू मग' हे इथलं धोरण आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या व्यवस्थित चाललेलं आहे.

अशा या वस्तीत, सरस्वती भुवन शाळेच्या अलीकडच्या एका बोळात, स्टेशनरीच्या दुकानाच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ बसतात. तपासल्याशिवाय ते काहीच चालू करत नाहीत. पाटीवर त्यांचं रीतसर नाव आहे, पण त्या नावानं त्यांना फक्त बँकेची पत्रं येतात. बाकी सगळे व्हर्जनकाका म्हणतात.

धंदा म्हणाल तर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळायचे. चार-दोन पतसंस्था, काही दवाखाने, एक शाळा, वाळूजचे दोन कारखानदार. यांच्यातल्या कुणाचंही सॉफ्टवेअर चालू होईनासं झालं, की तिथलं पोरगं मोटारसायकलला किक मारून काकांचा जिना चढतं. धापा टाकत म्हणतं, "काका, सर्व्हर चालू व्हायना." काका चष्मा कपाळावर सरकवतात, पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि विचारतात, "व्हर्जन?"

"कशाचं, काका?"

"हेच तर मी तुला विचारतोय."

इथून पुढे पंधरा मिनिटं त्या पोराची तोंडी परीक्षा चालते. ऑपरेटिंग सिस्टीम कुठली. जावा कुठली. डेटाबेस कुठला, तो कुठून आला, आधीचा कुठला होता. पोरगं तिसऱ्या प्रश्नाला रडकुंडीला येतं. शेवटी काका खाली उतरतात, पण उतरण्याआधी स्कूटरचं पेट्रोल काडी बुडवून बघतात. काट्यावर त्यांचा विश्वास नाही.

काकांच्या वतीनं एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचं हे वेड हवेतलं नाही. जावात लिहिलेला प्रोग्राम आपल्या पायावर चालत नाही. त्याला चालवणारा दुसरा प्रोग्राम मशीनवर बसवलेला असावा लागतो, त्याला रनटाइम म्हणतात. प्रोग्रामच्या प्रत्येक फाइलच्या आरंभी 'कॅफेबेब' अशी खूण असते आणि तिच्या पाठोपाठ एक आकडा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे जावा ११, ६१ म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे जावा २१. रनटाइम हा आकडा वाचतो. आपल्याला झेपेल त्याहून मोठा दिसला तर सरळ नाही म्हणतो आणि तिथंच थांबतो. काकांना हे आकडे इतके पाठ आहेत की त्यांच्या डोक्यात दुसरा अर्थच उरलेला नाही. गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांची एकसष्टी होती. पेढा हातात घेत काका म्हणाले, "एकसष्ट म्हणजे जावा सतरा. उत्तम आवृत्ती. अजून बरीच वर्षं सपोर्ट आहे." मास्तरांना काही कळलं नाही, पण आशीर्वादाचाच प्रकार दिसतोय म्हणून त्यांनी हात जोडले.

काकांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. त्याचं नाव 'चोपदार'. मुख्य सॉफ्टवेअर चालू व्हायच्या आधी हा चालतो, एकेक गोष्ट तपासतो, आणि सगळं जुळलं तरच पुढच्याला आत सोडतो. जगात अशा तपासण्या करणारे पुष्कळ प्रोग्राम आहेत, पण त्यांचे निरोप इंग्रजीत आणि रुक्ष असतात. काकांनी चोपदाराला मराठी दिली आहे, तीही स्वतःची. सकाळी सर्व्हर चालू करताना काळ्या पडद्यावर ओळी उमटू लागतात:

"जावा १७. ठीक."

"मेमरी: किमान आणि कमाल सारखी. ठीक."

"पोर्ट ८०८०: आधीच कुणीतरी बसले आहे. आधी त्यांना उठवा."

"वेळ: यूटीसी सापडली. आपण औरंगपुऱ्यात आहोत."

"एन्कोडिंग: यूटीएफ-८ नाही. मराठी नावांचे वाटोळे होईल. नकार."

शेवटच्या ओळीला इतिहास आहे. काकांच्या आधीच्या काळात एका पतसंस्थेत नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. कसलीही कुरकुर न करता ते पहिल्या दिवशी चालू झालं. चेअरमननी नारळ फोडला, पेढे वाटले. सॉफ्टवेअर आणि डेटाबेस यांच्यामधल्या जोडणीची सेटिंग मात्र लॅटिन-१ होती. ही अक्षरांची जुनी युरोपीय यादी, तिच्यात देवनागरीला जागाच नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसनं स्वतः ८.० या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१८पर्यंत, तीच यादी न सांगता गृहीत धरली होती. झालं असं, की मराठीत टाईप केलेलं प्रत्येक अक्षर वाटेत प्रश्नचिन्ह बनून आत जाऊन बसू लागलं. एकदा प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मूळ अक्षर परत मिळत नाही. तिथं 'क' होता की 'ज्ञ', हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. नवे खातेदार नोंदवले जात राहिले, पैसे जमा होत राहिले, आणि हा घोळ उघडकीला आला तो थेट वार्षिक सभेच्या नोटिसा छापून आल्यावर. खाली चेअरमनच्या नावाच्या जागी ओळीनं प्रश्नचिन्हं होती. सभासदांना वाटलं, हा कारभारावरचा शेरा आहे. दोघा-तिघांनी संचालक मंडळाच्या धाडसाचं कौतुकही केलं.

काका हा प्रसंग सांगतात तेव्हा त्यांचा आवाज खाली येतो. "बंद पडलं असतं तर पहिल्या दिवशी अर्ध्या तासात कळलं असतं. चालू झालं हाच घात झाला." माझ्या मते काकांच्या आयुष्याचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत आहे, आणि ते औरंगपुऱ्याच्या बरोबर उलट आहे.

त्यांना सर्वांत प्रिय आहे ती इलास्टिकसर्च नावाच्या शोधप्रणालीची रीत. ती आपल्यापुरती, एकाच मशीनच्या आत चालवली, तर चुकीच्या सेटिंगबद्दल नुसती सूचना देऊन पुढे जाते. पण बाहेरच्या नेटवर्कला तोंड दाखवायला निघाली, की त्याच सूचनांचा नकार होतो आणि ती चालूच होत नाही. काकांनी ही रीत घरी लागू केली आहे. घरात मीठ कमी पडलं तर ते काकूंना म्हणतात, "सूचना." पाहुणे बसलेले असताना कमी पडलं, तर ताट पुढे सरकवतात आणि घास घेत नाहीत. काकूंची स्वतःची रीत वेगळी आहे. त्या पाहुण्यांना सांगतात, "त्यांना आज उपास आहे," आणि ताट उचलून आत नेतात. त्या दिवशी काका रात्रीपर्यंत बंद असतात.

सूचनांवर काकांचं एक छोटं प्रवचनच आहे. जावाला मेमरी नेमून देणारी 'मॅक्सपर्मसाइझ' नावाची एक ओळ असायची. २०१४ साली जावा ८ आली आणि ती ओळ निरर्थक ठरली. जावा तेव्हापासून दर वेळी चालू होताना सांगत होती, की हा पर्याय मी विचारात घेत नाही, त्याचा आधार काढलेला आहे. ती सूचना कुणीही वाचली नाही, कारण काम चालत होतं. २०२१ला जावा १७ आली, तिनं ती ओळ ओळखायलाच नकार दिला, आणि ठिकठिकाणचे सर्व्हर उभेच राहिनात. काका म्हणतात, "सात वर्षं ती बिचारी सांगू लागली होती. आपल्याकडे सात वर्षं सांगितलेलं कोण ऐकतं? बायकोचं ऐकत नाहीत लोक." प्रवचन घरी चाललं असेल तर आतून काकूंचा खोकला ऐकू येतो.

मायएसक्यूएल एवढी सोशिक नाही. ८.०मध्ये तिनं 'क्वेरी कॅश' ही सोय काढून टाकली आणि जुन्या सेटिंगच्या फाइलीत तिची ओळ सापडली, की सूचना-बिचना काही न देता ती थांबते. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेसही तसाच. जुन्या आवृत्तीनं मांडलेला डेटा नव्या आवृत्तीपुढे ठेवला, की तो हात लावत नाही. या दोघांबद्दल काकांना आदर आहे.

आणि मग त्यांचं आख्यान. ज्याला घाई असेल त्याला ते मुद्दाम बसवून सांगतात. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली नाइट कॅपिटल नावाची शेअर दलाली कंपनी. आठ सर्व्हर. सातांवर नवा प्रोग्राम चढवला, आठव्यावर चढवायचा राहिला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला एक जुना भाग पडून होता आणि नव्या प्रोग्रामनं खुणेसाठी तीच जुनी कळ परत वापरली होती. बाजार उघडला, आठव्या सर्व्हरनं ती कळ बघितली आणि जुन्या पद्धतीनं खरेदी-विक्री सुरू केली. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. इथं काका थांबतात, बोट वर करतात. "बाजार उघडायच्या आधी यंत्रणेनं ९७ ई-मेल पाठवले होते. सत्त्याण्णव! एकानंही उघडून नीट बघितला नाही." समोरचं पोरगं गप्प होतं. त्याच्या मोबाइलवर न वाचलेले ई-मेल चार आकड्यांत असतात.

काका राहतात आमच्याच बिल्डिंगमध्ये, आणि नळाला पाणी येण्याचा दिवस हा तिथं त्यांच्या कसोटीचा दिवस. या शहरात पाणी रोज येत नाही, हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. पहाटे नळ सुटला की हौद भरायच्या आत वरच्या टाकीसाठी मोटर लावायची असते. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी बनियनवर येऊन बटण दाबतं आणि परत झोपायला जातं. आमच्याकडे मोटरची किल्ली काकांकडे आहे. ते बॅटरी घेऊन खाली येतात. आधी व्होल्टेज बघतात. मग हौदातली पातळी पट्टीनं मोजतात. मग मोटरीत पाणी ओतून बघतात, हवा धरलीय का. मग वरच्या टाकीचा कॉक उघडा आहे का ते बघायला चार मजले चढतात आणि चार मजले उतरतात. उतरल्यावर पुन्हा व्होल्टेज बघतात, कारण दरम्यान बदललेलं असू शकतं. वरून काकूंचा आवाज येतो, "अहो, पाणी जायलंय!" काका खालून सांगतात, "एकशे ऐंशी आहे. दोनशे होऊ दे." दोनशे होतं तेव्हा नळातून फुसफुस एवढाच आवाज येत असतो.

शेजारच्या बिल्डिंगची मोटर कोरडी चालून दोनदा जळाली. काकांची आजवर जळलेली नाही. चालते कमी, हेही खरं.

मुलीच्या लग्नाच्या वेळी भटजींशी त्यांची जुंपली होती, ती याच कारणावरून. भटजी म्हणाले, छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की पत्रिका जमते. काका म्हणाले, "निम्म्यावर पास? आमच्याकडे चाळीसपैकी एक अट चुकली तरी सर्व्हर चालू होत नाही." भटजींनी शांतपणे विचारलं, "आणि तुमचे किती सर्व्हर सुखानं नांदतायत?" काकांनी उत्तर दिलं नाही. लग्न झालं.

शहराचं नाव बदललं तेव्हा मात्र मोहल्ल्याला काकांची किंमत कळली. २०२३च्या फेब्रुवारीत केंद्राची मंजुरी आली आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. इंग्रजी अक्षरांत जुनं नाव दहा अक्षरांचं होतं. नवं, मधली मोकळी जागा धरून, पंचवीस भरतं. जुन्या सॉफ्टवेअरांतून गावाच्या रकान्याला वीस अक्षरं दिलेली असणं ही अगदी सर्रास गोष्ट. वीस अक्षरांत बरोबर 'छत्रपती संभाजी' एवढंच मावतं आणि 'नगर' बाहेर राहतं. काकांच्या चोपदारानं त्या आठवड्यात एका दवाखान्याचा सर्व्हर दारातच अडवला: "गावाचा रकाना २०. नाव २५. महाराजांचे नाव अर्धवट छापले जाणार नाही." दवाखान्याचे डॉक्टर आधी भडकले, मग त्यांनी तो निरोप पुन्हा वाचला, आणि तो कागदावर छापून काउंटरच्या मागे लावला. पिन कोड ४३१००१ तोच राहिला, याचं काकांना मनापासून समाधान आहे. रेल्वे स्टेशनचा कोड मात्र २०२५च्या ऑक्टोबरात बदलला, एडब्ल्यूबीचा सीपीएसएन झाला. ते तीन अक्षरांचं चार अक्षरांवर जाणं काकांना अजून सोसलेलं नाही.

आता काकांच्या भक्तांना आवडणार नाही ती गोष्ट. एका संस्थेतल्या पोरानं संध्याकाळी उत्साहाच्या भरात जावा ८ काढून जावा १७ बसवली. सकाळी काउंटर उघडलं, बाहेर रांग, आणि चोपदारानं पडद्यावर लिहिलं: "जावा ८ किंवा त्यापुढची हवी. सापडली १७. नकार."

पोरानं फोन लावला. "काका, सतरा आठच्या पुढं नसते का हो?"

फोनवर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग काका म्हणाले, "येतो." त्या दिवशी पेट्रोलही बघितलं नाही म्हणतात.

चूक चोपदाराची, म्हणजे काकांची होती. त्यांनी आकड्यांची तुलना आकडे म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून केली होती. अक्षरांच्या क्रमात पहिलं अक्षर आधी बघतात. १ हा ८च्या आधी येतो, म्हणून १७ ही ८च्या मागे पडली. आठ ते नऊपर्यंत ही तपासणी बिनचूक चालली असती. दहाला मरणारच होती. काकांनी दोन शब्द बदलले, सर्व्हर चालू झाला, रांग पुढे सरकली. मॅनेजर म्हणाले, "काका, तुमच्या तपासणीनंच तासभर धंदा बंद." काका चष्मा पुसत म्हणाले, "थांबलं ना? चुकीच्या कारणानं थांबलं, पण थांबलं. तपासणी जिवंत आहे."

पुढे कित्येक दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की या खड्ड्यात मी एकटा पडलेलो नाही. २०२१च्या ऑक्टोबरात पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची ३.१० ही आवृत्ती आली, तेव्हा जगभरच्या सेटिंग-फाइलींत ती अवतरणचिन्हाविना लिहिली गेली, आणि यंत्रांनी तो दशांश समजून शेवटचं शून्य गाळलं. ३.१०ची ३.१ झाली. यंत्रं कधीच्या काळातली पायथन शोधत बसली. "जगातले मोठमोठे पडले," काका म्हणायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू दिसायचं.

त्यानंतर त्यांनी चोपदाराला तपासणारा दुसरा प्रोग्राम लिहिला. तो चोपदाराला मुद्दाम खोटी व्हर्जनं देऊन बघतो: ८, ९, १०, १७, रिकामी, आणि एकदा 'मेथी'. ऑफिसातल्या पोरानं विचारलं, "काका, आणि याला कोण तपासणार?" काकांनी त्याला चहा आणायला पाठवलं. पोरगं जिन्यावरून ओरडलं, "काका, साखर?" वरून उत्तर आलं, "आधी दूध कुठलं आहे ते विचार."

माझं मत विचाराल तर माणूस सहन करायला अवघड आहे, पण त्याच्या हाताखालचे सर्व्हर दिवसाढवळ्या पडत नाहीत. पडायचे ते बहुतेक सकाळी काउंटर उघडायच्या आधी पडतात, पडण्याचं कारण लिहून पडतात, आणि तेही मराठीत. ज्यांना त्यांच्याकडे जायचं आहे त्यांनी दुपारी बाराच्या आत जावं. नंतर ते जेवायला घरी जातात आणि काय शिजलंय हे कळेपर्यंत परत येत नाहीत. जाताना जावाची आवृत्ती, सेटिंगची फाइल आणि लॉगच्या शेवटच्या शंभर ओळी सोबत न्या. मोबाइलवर काढलेला पडद्याचा तिरपा फोटो चालणार नाही, मजकूरच लागतो. 'काल तर चालत होतं' असं त्यांच्यापुढे म्हणू नका. कालपासून कुणी काय बदललं, ते ऑफिसातल्या पोराला दम न देता विचारून घ्या आणि कागदावर लिहून न्या.